"चालेल" म्हणजे नक्की किती चालेल?

थंडी सुरू झाली की इंदूरच्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. रविवारी पोहे-जिलबीच्या बशा हातात असतात आणि कोणीतरी म्हणतं, "चला, एकदा सगळे मिळून महेश्वर-ओंकारेश्वर करून येऊ." लगेच दोन पक्ष पडतात. पहिला उत्साही. त्यांच्या मते एका दिवसात महेश्वर, ओंकारेश्वर आणि जमलं तर येताना मांडूसुद्धा. दुसरा पक्ष काळजीवाहू. "आजींना कशाला दगदग? त्यांना राहू द्या घरी, मी थांबते त्यांच्याजवळ." थोडी वादावादी होते, तोडगा निघतो, गाडी ठरते. आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं त्या आजी कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणतात, "तुम्ही ठरवाल ते. मला काय, चालेल."

हा "चालेल" शब्द मला फार धोक्याचा वाटतो. आमच्या कामात ग्राहक "काहीही चालेल" म्हणाला की अनुभवी माणूस सावध होतो. त्याला काय हवंय हे अजून कोणी नीट विचारलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. आजीच्या "चालेल"मध्ये तर कितीतरी गोष्टी दडलेल्या असतात. गुडघा दुखतोय, पण माझ्यामुळे बेत मोडायला नको. दर दीड तासाने उठावं लागतं, पण ते जावयासमोर कसं सांगू? आणि सगळ्यांत खाली, न बोललेलं, की मला यायचंय, मला सोडून जाऊ नका.

म्हणून मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. तीन गावं एका दिवसात फिरवणारे आजीला सामानासारखं गाडीत टाकतात. घरी ठेवणारे तिला सामानासारखं घरी ठेवतात. फरक फक्त जागेचा.

आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात हाच बेत ठरत होता. आबा ८३ वर्षांचे, आजी ७९ ची, आई-बाबा साठीच्या पुढचे, पुण्याहून येणारी आत्या, मी आणि माझी सात वर्षांची मुलगी. नियोजनाचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात ‘कॉम्प्युटरवाली’ मी. (हे लॉजिक मला कधी कळलं नाही. प्रिंटर बिघडला तरी मी आणि सहल काढायची तरी मी.) मी पहिलं काम केलं ते आजी-आबांना वेगवेगळं गाठून विचारण्याचं. सगळ्यांसमोर विचारलं तर "चालेल"च ऐकू येतं. आजी मेथी निवडत होती, मी शेजारी बसले आणि विचारलं, "आजी, तिथे जाऊन तुला नक्की काय करायचंय?" ती म्हणाली, "मला नर्मदेत पाय बुडवून बसायचंय. बाकी तुम्ही फिरा."

आबांचं उत्तर अगदीच वेगळं निघालं. त्यांना रावेरखेडीला जायचं होतं. पहिले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० ला जिथे गेले, ते हे नर्मदेकाठचं गाव, सनावदपासून आत. तिथे त्यांची समाधी आहे. आबांचा सगळा जन्म इंदुरात गेला, पेशवाईवरची कपाटभर पुस्तकं वाचून झाली आणि ही जागा काही बघायची झाली नाही. आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. मांडू मात्र कोणालाच नको होतं. फक्त बाबांना हवं होतं, आणि ते आधी दोनदा जाऊन आलेले. मांडू त्याच दिवशी यादीतून गेलं. एका दिवसाच्या जागी दोन दिवस आणि एक मुक्काम ठरला.

आता मुद्दा आला झेपण्याचा. "जमेल ना?" असं विचारून काही कळत नाही, उत्तर ठरलेलं असतं. बारीक प्रश्न विचारावे लागतात. खाली बसून उठताना हात लागतो का? पायऱ्या चढताना जास्त दुखतं की उतरताना? (गुडघ्याच्या दुखण्यात बऱ्याच जणांना उतरणं जड जातं. आपण मात्र "उतरायचंच तर आहे" म्हणून निश्चिंत असतो.) रात्री किती वेळा उठावं लागतं? आणि या सगळ्यापेक्षा खरं उत्तर देणारी गोष्ट म्हणजे रंगीत तालीम. सहलीच्या पंधरा दिवस आधी आम्ही आजीला राजवाडा आणि गोपाल मंदिर एवढंच करायला नेलं. निमित्त खरेदीचं. घड्याळ माझ्या हातात. आजी आपल्या चालीने दहा मिनिटं चालते, मग तिला बसायला जागा लागते. एका जागी उभं राहणं तिला चालण्यापेक्षा अवघड जातं, म्हणजे आमच्यासाठी रांग हा पायऱ्यांपेक्षा मोठा अडथळा. हे घरी बसून कळलं नसतं. पुढचा सगळा आराखडा याच मापावर बेतला.

इंदूरहून महेश्वर साधारण नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. राऊ, महू, मानपूर, मग घाट उतरून धामनोद आणि तिथून आत. गूगल मॅप जो वेळ दाखवतं तो न थांबणाऱ्या माणसाचा असतो. म्हातारी माणसं बरोबर असली की मी त्याची दीडपट धरते आणि ती आधीच सगळ्यांना सांगून टाकते, म्हणजे "अजून किती?" या प्रश्नाची धार जाते. गाडी निवडताना आपण ॲव्हरेज आणि डिकी बघतो. आजीच्या दृष्टीने महत्त्वाची असते सीटची उंची. फार उंच गाडीत चढवत नाही, फार बुटक्या गाडीतून उठवत नाही. आम्ही एक छोटं प्लॅस्टिकचं स्टूल बरोबर घेतलं, गाडीत चढायला. तेच पुढे घाटावर बसायलाही कामी आलं. मागच्या सीटवरसुद्धा पट्टा लावायचा, यावर मात्र मी कोणाचं ऐकत नाही. आणि पायाशी पिशव्या ठेवायच्या नाहीत. पाय हलवायला जागा नसेल तर तासाभरात सूज येते, आणि तासन्‌तास एका जागी अवघडून बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. मधूनमधून उतरून चार पावलं चालायचं ते याचसाठी.

आता मला ज्या गोष्टीवर खरं बोलायचंय ती. पाणी.

मानपूरला चहाला थांबलो तेव्हा आजीच्या सीटजवळची बाटली मी उचलली. "आजी, तू सकाळपासून पाणीच प्यायली नाहीस?" "पितेय गं, घोट घोट." बाटलीचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं.

तुमच्या घरातल्या आजी, आई, मावशी, काकू, कोणालाही विचारून बघा. प्रवासाच्या दिवशी आपल्या घरातल्या बहुतेक बायका पहाटेपासून पाणी बंद करतात. कारण उघड आहे. वाटेत जागा मिळेल का, स्वच्छ असेल का, मिळाली तरी खाली बसून उठता येईल का आणि गाडी थांबवा हे सांगायचं कोणाला? त्यापेक्षा तहान परवडली. शिवाय वय वाढलं की तहान मुळातच कमी जाणवते, त्यामुळे हा उपास त्यांना फारसा जडही जात नाही. आणि जी मंडळी रक्तदाबासाठी किंवा पायाच्या सुजेसाठी लघवीची गोळी घेतात, ती प्रवासाच्या दिवशी गोळीच घेत नाहीत. सांगतही नाहीत. मग दुपारी उन्हात, देवळाच्या रांगेत, बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण म्हणतो, "वय झालं आता, आणायलाच नको होतं." खरं तर वयापेक्षा मोठा वाटा कोरड्या घशाचा असतो.

"पाणी प्या, पाणी प्या" असं मागे लागून हे सुटत नाही. थांबण्यासाठी कोणाला मागावंच लागू नये, अशी व्यवस्था केली की सुटतं. मी ड्रायव्हरदादांना निघतानाच सांगितलं होतं, दर सव्वा तासाने गाडी थांबवायची. कोणी म्हणो न म्हणो. थांबलं की आधी मी उतरून स्वच्छतागृह बघून येणार, मग सगळ्या बायका एकत्र जाणार. पेट्रोल पंपांवर ही सोय ठेवावी लागते. कुठली चांगली ते एकदा कळलं की फोनमधल्या नकाशावर खूण करून ठेवा, परतीच्या वाटेला उपयोगी पडते. घडीचं कमोड स्टूल औषधांच्या किंवा सर्जिकलच्या दुकानात मिळतं. डिकीत ते आणि पाण्याचा कॅन असला की बरीचशी भीती तिथेच संपते. मानपूरला हे सगळं आजीने बघितलं, "म्हणजे पुढे पण थांबणार आहे का?" असं एकदा विचारलं, आणि बाटली उघडली. लघवीच्या गोळीचं म्हणाल तर ती परस्पर बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी वेळ पुढेमागे करता येईल का, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. हृदयाच्या किंवा किडनीच्या दुखण्यात पाण्याचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं, तेही विचारून घ्या.

औषधांबद्दल थोडक्यात. सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत ठेवणं म्हणजे आमच्या भाषेत ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’. ती पिशवी हॉटेलात राहिली की सगळंच राहिलं. म्हणून दोन संच, दोघांच्या जवळ, आणि गोळ्यांच्या पाकिटांचे व डॉक्टरांच्या चिठ्ठीचे फोटो दोन फोनमध्ये. इन्सुलिन बंद गाडीत ठेवून देवदर्शनाला जाऊ नका. उभ्या गाडीत उष्णता भराभर वाढते. बर्फाला चिकटवूनही ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

मधुमेह असणाऱ्यांचा खरा घोळ प्रवासापेक्षा देवळात होतो. सकाळची गोळी घेतलेली असते आणि "दर्शन झाल्याशिवाय काही खाणार नाही" हा नेम असतो. रांग दोन तास सरकत नाही. मग घाम, थरथर, उगाच चिडचिड, बोलण्यात गोंधळ. ही साखर कमी झाल्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा किंवा चिक्की अशा वेळी तितकी लवकर काम करत नाही. पण त्याआधीचं बोलणं महत्त्वाचं, आणि ते घरी, निवांत करावं. "आजी, असले नेम सोड आता" असं म्हणून ती ऐकणार नाही, आणि का ऐकावं? मी तिला गोळी आणि साखरेचं गणित समजावून सांगितलं आणि तोडगा तिच्यावर सोडला. तिने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "दूध-केळं घेतलं तर उपास मोडत नाही. शंकराला दूध चालतं, मलाही चालेल." हा "चालेल" खरा होता. एवढं खाणं गोळीला पुरेल का, ते मग आम्ही डॉक्टरांना विचारून घेतलं.

महेश्वरला दहाच्या सुमाराला पोचलो आणि घाटावर न जाता आधी खोलीवर गेलो. खोली ठरवताना मी फोनवर काय काय विचारलं ते आत्याला ऐकून हसू येत होतं, पण तुम्हीही विचाराच. खोली तळमजल्यावर आहे का, नसेल तर लिफ्ट चालू असते का? कमोड आहे का, बाजूला धरायला काही आहे का? बाथरूमच्या दाराशी पायरी आहे का? शेवटच्या प्रश्नाला सगळे "नाही" म्हणतात, म्हणून बाथरूमचा व्हिडिओ मागवायचा. मंडळी, आपण दरी-डोंगर-नदीची भीती बाळगतो आणि म्हातारी माणसं पडतात ती रात्री तीन वाजता, अनोळखी खोलीत, दिव्याचं बटण शोधताना. स्वतःच्या रबरी चपला आणि प्लगमध्ये लावायचा छोटा रात्रीचा दिवा, या दोन वस्तूंनी आमची पिशवी काही फार जड झाली नाही.

दुपारी सगळे झोपले. सहलीत दुपारी झोपणं म्हणजे पैसे फुकट, असं बाबांचं मत. ते मुलीला घेऊन किल्ला बघायला गेले, खूश होऊन परत आले. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघितलं पाहिजे हा आग्रह सोडला की निम्मी भांडणं होतच नाहीत. एकत्र यायचं ते जेवायला आणि संध्याकाळी.

अहिल्याबाईंचं महेश्वर आपल्या होळकरी इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी कारभार केला तो इथून. वाड्यातली त्यांची साधी गादी बघताना आजी बराच वेळ उभी राहिली. म्हणजे तिच्या हिशेबात बराच वेळ, पाच मिनिटं. किल्ल्यातून घाटावर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या देखण्या आहेत आणि गुडघ्यांना निर्दय. आम्ही घाई केली नाही. एक जण आजीच्या एक पायरी पुढे, खालच्या बाजूला, आणि एक जण शेजारी. हात आपण तिचा धरायचा नाही, तिला आपला धरू द्यायचा. आपण दंड पकडून ओढतो तेव्हा तोल जातो. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे अनवाणी किंवा गुळगुळीत चपलेने उभं राहणं नकोच. आजी स्टुलावर बसली, पाय पाण्यातल्या पायरीवर, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मी. पाऊण तास. त्या पाऊण तासात तिने आत्याला तिच्या लहानपणीच्या कुठल्याशा गोष्टी सांगितल्या, ज्या आत्याने स्वतःही कधी ऐकल्या नव्हत्या. आबा वर कट्ट्यावर बसून नदी बघत होते. त्यांनी खाली यायला नाही म्हटलं, आणि आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नावेत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्या बाबांनासुद्धा. नावेत पाय टाकताना ती हलते, तोच क्षण धोक्याचा. नावाड्याला नाव घाटाला घट्ट धरायला सांगायचं आणि आत आधी एक तरुण माणूस बसलेला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यातलं लिंगार्चन बघितलं. रोज मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून त्यांची पूजा होते, अहिल्याबाईंपासून चालत आलेली परंपरा. बसून बघता येतं, गर्दी नसते. ज्येष्ठांसाठी याहून चांगलं काही असेल असं मला वाटत नाही. येताना माहेश्वरी साड्यांचं दुकान. गादीवर बसायला मिळतं, पाणी मिळतं, तासभर आनंदात जातो. पैसे आजीने दिले. तिला देऊ द्यावेत. दोन दिवस दुसऱ्यांच्या खर्चाने फिरणाऱ्या माणसाला स्वतःच्या पाकिटातून काहीतरी काढायचं असतं.

ओंकारेश्वरचं गणित वेगळं. मांधाता बेटावरच्या मंदिरात जायचं तर पूल किंवा नाव, पुढे पायऱ्या आणि रांग. सोमवारी, श्रावणात, महाशिवरात्रीला तर विचारच करू नका. एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात नसते. नदीच्या दक्षिण काठावर ममलेश्वर आहे आणि ओंकारेश्वर व ममलेश्वर मिळून एक ज्योतिर्लिंग मानतात. ज्यांना पूल आणि रांग झेपणार नाही त्यांनी ममलेश्वराचं दर्शन घ्यावं. ते काही कमअस्सल दर्शन नाही. आजीला हे आधी सांगितलं होतं, तिने ममलेश्वर निवडलं. बाबा आणि आई पलीकडे जाऊन आले.

इथे एक इशारा मात्र गंभीरपणे. गावाच्या वरच्या अंगाला धरण आहे. पाणी सोडलं की नदीची पातळी झपाट्याने वाढते. भोंगा वाजला की पाण्यातून आणि पात्रातल्या खडकांवरून लगेच वर यायचं, सामान उचलत बसायचं नाही. २००५ साली एप्रिलमध्ये याच नर्मदेवर धाराजीला, वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात अनेक भाविक वाहून गेले होते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठून वर यायला आपल्यापेक्षा चौपट वेळ लागतो, म्हणून त्यांना पात्रातल्या खडकावर नेऊन बसवायचंच नाही. बांधलेल्या घाटाच्या वरच्या पायऱ्या बऱ्या.

चाकाच्या खुर्चीचा विषय नाजूक असतो. उज्जैनला महाकाल लोकमध्ये ई-कार्ट आहेत, विमानतळावर आणि मोठ्या स्टेशनांवर व्हीलचेअर मिळते, पण आपली माणसं "मी काय अपंग आहे का?" म्हणून नाकारतात. मी आजीला म्हटलं, "आजी, तुझ्याकडे दिवसाची दहा-दहा मिनिटांची पाच-सहा तिकिटं आहेत. ती पार्किंगमध्ये फाडायची की देवासमोर?" दुसऱ्या कुठल्या युक्तिवादाने ती बसली नसती.

पुण्याहून, मुंबईहून माणसं येणार असतील किंवा तुम्ही लग्नाकार्याला तिकडे जाणार असाल तर रेल्वेचा एक नियम माहीत असू द्या. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. पुरुष ६० वर्षांपुढचे आणि बायका ४५ वर्षांपुढच्या, एकटे किंवा दोघे, अशा तिकिटालाच तो लागू होतो. म्हणजे आजी-आबांना सोबत हवी म्हणून आपण पाच जणांचं एकच तिकीट काढलं, की कोटा गेला. आजी-आबांचं दोघांचं तिकीट त्या कोट्यातून वेगळं काढा आणि आपलं वेगळं. डबा कदाचित वेगळा येईल, पण वरच्या बर्थवर चढवण्यापेक्षा ते बरं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

महिना कुठला? शाळेच्या सुट्ट्यांमुळे आपण मे महिन्यात निघतो, आणि निमाडातला मे म्हणजे भट्टी. घाटाचे दगड दुपारी पायाला चटके देतात. पावसाळ्यात नदी भरलेली आणि पायऱ्या निसरड्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. शाळेचे दोन दिवस बुडाले तर बुडू द्या, असं माझं मत. माझ्या मुलीच्या बाई वाचत नसाव्यात अशी आशा.

आणि कधी जाऊ नये? नुकतंच ऑपरेशन झालं असेल, औषध नवीन बदललं असेल आणि अजून अंगवळणी पडलं नसेल, छातीत दुखण्याची किंवा दम लागण्याची तक्रार असेल, तर आधी डॉक्टर, मग सहल. विसरण्याचा आजार असेल तर अनोळखी जागी रात्री गोंधळ वाढतो, तेव्हा मुक्काम टाळून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढंच करावं आणि त्यांच्या खिशात आपल्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. वाटेत काही झालं तर १०८ वर रुग्णवाहिका, नाहीतर ११२. या पट्ट्यात मंडलेश्वर, बडवाह आणि सनावदला सरकारी रुग्णालयं आहेत. तोंड एकाएकी वाकडं होणं, एक हात गळून जाणं, बोलणं अडखळणं, यातलं काही दिसलं तर लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात तडक जा. लिंबूपाणी देऊन वाट बघू नका. पक्षाघातात पहिले चार-साडेचार तास मोलाचे असतात.

रावेरखेडीला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. इतर कोणी पर्यटक नव्हते. आबा काठी टेकत समाधीपर्यंत गेले, टोपी काढली, आणि मग माझ्या मुलीला बाजीरावांची कथा सांगायला लागले. ती कथा बडवाह येईपर्यंत चालली. पुढच्या सीटवरचे ड्रायव्हरदादा मराठी फारसं न कळतासुद्धा मधूनमधून "फिर क्या हुआ, दादाजी?" विचारत होते.

घरी परतल्यावर दुसरा दिवस मोकळा ठेवा. खिचडी-कढी, पाय उशीवर, रक्तदाब एकदा मोजून घेतलेला. एका पायाला सूज आणि दुखणं असेल तर दाखवून या. आणि फोटो व्हॉट्सॲपवर टाकून विसरू नका. राजवाड्याजवळ, छप्पनला, कुठेही छापून मिळतात. आजीने त्यातला एकच मागितला, पाण्यातल्या पायांचा. तो आता तिच्या औषधांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवलेला आहे. पुढच्या हिवाळ्यासाठी आबांनी ग्वाल्हेरचं नाव काढलंय. आजी म्हणते, तिथे नदी नाही, मग मी काय करू? बोलणी चालू आहेत.